पार्ट मिळत नाही? मग बनवू की!

घरातलं जुनं शिलाई मशीन एका छोट्या पार्टवाचून बंद पडलंय. दुकानदार म्हणतो, हे मॉडेल आता येत नाही, नवीन घ्या. पण बारावीच्या प्रॅक्टिकलमधलं व्हर्नियर, एक कानस आणि थोडा पेशन्स असेल तर काही पार्ट घरीच बनतात. कोणते बनतात, कोणते अजिबात बनवू नयेत आणि सुरुवात कुठून करायची, त्याची ही गोष्ट.

नांदेड असो की लातूर, आपल्याकडं बऱ्याच घरांत एक काळं मशीन असतंच. अंगावर सोनेरी नक्षी, खाली लोखंडी जाळीदार पाय आणि वर भरतकाम केलेलं कव्हर. काही घरांत ते रोज चालतं. काही घरांत त्यावर टीव्ही ठेवलेला असतो, नाहीतर आपली सेमिस्टरची पुस्तकं. आणि ‘चालत का नाही?’ असं विचारलं, की उत्तर ठरलेलं : ‘त्याचं ते एक काहीतरी तुटलंय.’

हे ‘एक काहीतरी’ काय असतं? कधी पट्टा, कधी बॉबिन भरायच्या फिरकीचं रबर, कधी एखादा स्क्रू. अख्खं मशीन ठणठणीत, ओतीव लोखंडाचं, अजून दोन पिढ्या चालेल असं. आणि अडलंय बोटाएवढ्या वस्तूवर!

यूट्यूबवर पाहिलं तर जगभरात अशी मशीन उघडून, घासूनपुसून, पार्ट स्वतः बनवून परत चालवणारी मंडळी आहेत. त्यांच्यासाठी बहुतेक वेळा तो छंद आहे. आपल्याकडं मात्र प्रश्न वेगळा आहे. इथं मशीन बंद म्हणजे घरात येणारे पैसे बंद.

मशीनवर चालणारी घरं

फॉल-पिको, ब्लाउज, परकर, शाळेचे युनिफॉर्म. गल्लीत एक तरी काकू हे काम करत असतातच. दुकान नसतं, पाटी नसते. दारात बसून काम चालतं. लातूरला क्लाससाठी रूम करून राहणाऱ्या किती पोरांची मेस अशा मशीनवर चालते, याचा हिशोब कुठं लिहिलेला नाही. आमच्या घरचा हिशोब मला माहीत आहे. माझ्या बारावीच्या क्लासच्या फीचे दोन हप्ते लग्नसराईतल्या ब्लाउजवर भरले गेले होते.

आणि शिवणकामाशी आपल्या भागाचं नातं घरापुरतं नाही. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते, हे आपण १५ ऑगस्टच्या आसपास पेपरात वाचतो. ध्वजाचं खादीचं कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या केंद्रात विणलं जातं आणि ध्वज शिवून तयार होतात नांदेडमध्ये. म्हणजे सरकारी इमारतीवर डौलानं फडकणाऱ्या ध्वजातला टाका आपल्याच गावातल्या मशीनवर पडलेला असू शकतो.

सरकारनंही हे काम ‘कारागिरी’ म्हणून मोजलंय. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. ती मिळाली तर छानच. पण घरातलं जुनं मशीन चालू शकत असेल, तर ते बंद का ठेवायचं?

आधी थोडा इतिहास, कारण तो कामाचा आहे

पॅरिसमध्ये बार्थेलेमी तिमोनिए नावाच्या शिंप्यानं १८३० मध्ये शिलाई मशीनचं पेटंट घेतलं आणि मशीनवर लष्कराचे कपडे शिवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी तिथल्या शिंप्यांनी, आपलं पोट जाईल या भीतीनं, त्याची मशीन फोडून टाकली. मग अमेरिकेत एलियस होवनं १८४६ मध्ये दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट मिळवलं आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर मैदानात उतरला. सिंगरचं नाव पुढं इतकं पसरलं, की कितीतरी घरांत ‘सिंगर’ म्हणजेच मशीन.

भारतात १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं देशी मशीन बनवायला घेतलं. तेच आपलं ‘उषा’. पुढं लुधियाना हे मशीन आणि त्याच्या पार्टचं मोठं केंद्र झालं. आजही नांदेडच्या दुकानात मिळणाऱ्या पार्टच्या पुड्यांवर लुधियानाचा पत्ता सर्रास दिसतो.

गंमत म्हणजे, यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा शिलाई मशीनला सूट दिली होती. १९२४ मध्ये शांतिनिकेतनच्या रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्यानं त्यांना थेट विचारलं होतं, की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? तेव्हा त्यांनी सिंगरच्या मशीनचं उदाहरण अपवाद म्हणून दिलं. माणसाचे कष्ट वाचवणारं यंत्र त्यांना चालत होतं. विद्यार्थ्यानं पुढं विचारलंच, की मग ही मशीन बनवायला कारखाना लागेल त्याचं काय? कॉलेजच्या वयात असेच प्रश्न पडतात!

आता या इतिहासातला आपल्या कामाचा मुद्दा. सिंगरचं ‘१५ क्लास’ नावाचं एक डिझाइन होतं. ते इतकं चाललं, की जपानपासून भारतापर्यंत अनेक कंपन्यांनी त्याच धर्तीवर मशीन बनवली. आपल्या घरातली बरीचशी काळी मशीन याच कुळातली आहेत. म्हणून ब्रँड वेगळा असला तरी बॉबिन, बॉबिन केस, सुई असे पार्ट एकमेकांना चालतात. तुमचं मशीन या कुळातलं असेल, तर अर्धी लढाई तिथंच जिंकलात. तो पार्ट बनवायची गरजच नाही, बाजारात मिळेल.

ओळख परेड

मग आपलं मशीन कोणत्या कुळातलं, हे कसं कळणार? सुईच्या डाव्या बाजूची चकचकीत पट्टी सरकवा आणि खाली बघा. आत गोल, साधारण २० मिलिमीटर व्यासाची बॉबिन आणि तिची धातूची केस दिसली, तर बहुधा तुम्ही १५ क्लासच्या कुटुंबात आहात. पण आत होडीसारखं किंवा बंदुकीच्या गोळीसारखं लांबट शटल असेल आणि त्यात लांब काडीसारखी बॉबिन असेल, तर तुमच्याकडं आणखी जुन्या पद्धतीचं मशीन आहे. त्यात शटल झोपाळ्यासारखं मागं-पुढं जातं. या मशीनचे पार्ट मिळायला खरी अडचण येते.

मशीनच्या अंगावर, बहुतेक वेळा खालच्या पाट्यावर, एक नंबर कोरलेला असतो. सिंगर असेल तर त्या नंबरवरून मशीन कुठल्या कारखान्यात आणि कोणत्या वर्षी बनलं, हे शोधता येतं. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा सिंगरचा प्रचंड कारखाना १९८० मध्ये बंद झाला. तुमच्या आजीचं मशीन तिथून बोटीनं आलेलं असू शकतं. नंबर धुऊन-पुसून फोटो काढून ठेवा. पार्ट शोधताना ‘काळं, जुनं, आजीचं’ एवढं सांगून काही होत नाही.

बंद आहे की नुसतं आखडलंय?

पार्ट बनवायच्या आधीची ही पायरी बरेच जण विसरतात. कित्येक मशीन तुटलेली नसतात, आखडलेली असतात. कोणीतरी कधीतरी मशीनला खोबरेल नाहीतर शेंगदाण्याचं तेल घातलेलं असतं. ते वाळून डिंकासारखं चिकट होतं आणि सांधे धरून ठेवतं. अशा वेळी जोर लावून चाक फिरवू नका. ब्रश आणि रॉकेलनं सांधे धुवा, एक दिवस तसंच राहू द्या, पुसा आणि मग मशीनचं पातळ तेल थेंब-थेंब सोडा. चाक हळूहळू मोकळं होतं.

दुसरी गोष्ट सुईची. टाका सुटतो म्हणून लोक थेट हूक बदलायला निघतात आणि निघते ती वाकडी किंवा उलटी बसवलेली सुई. घरगुती सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते. ती नेमक्या दिशेला आली नाही, तर टाका पडतच नाही. आणि सुईचा नंबर म्हणजे तिची जाडी : १४ नंबर ०.९ मिमी, १६ नंबर १ मिमी. पातळ जॉर्जेटला जाड सुई लावली, तर दोष मशीनचा कसा?

हे घरी बनतं

पट्टा. पायाच्या मशीनवर वरचं आणि खालचं चाक जोडणारी गोल चामडी दोरी. जाडी साधारण ५ मिमी. हा पट्टा बाजारात मिळतो, पण कापून जोडायचं काम घरीच करायचं असतं. दोन्ही चाकांवरून सुतळी फिरवून माप घ्या, पट्टा त्यापेक्षा किंचित आखूड कापा, दोन्ही टोकांना टोच्यानं भोकं पाडा आणि तारेच्या हुकानं जोडा. फार ताणलेला पट्टा पाय दुखवतो, फार सैल असेल तर घसरतो. चामडं कालांतरानं सैल पडतंच, तेव्हा परत थोडं कापायचं.

रबर आणि फेल्ट. बॉबिन भरताना जी छोटी फिरकी चाकाला घासत फिरते, तिच्यावर एक रबरी रिंग असते. वय झालं की ती कडक होऊन तडकते. जुनी रिंग खिशात घाला आणि मोटरपंप किंवा टू-व्हीलर दुरुस्तीच्या दुकानात जा. त्या मापाची ओ-रिंग मिळून जाते. रिळाच्या खांबाखालची गोल फेल्टची चकती जुन्या जाड लोकरी टोपीतूनही कापता येते.

लाकडी पार्ट. काही जुन्या मशीनमध्ये पॅडलपासून मोठ्या चाकापर्यंत जाणारा दांडा लाकडी असतो. हाताच्या मशीनच्या मुठीचा गोल गट्टूही लाकडीच. इथं आपली बाभूळ कामाला येते. औत, वखर, बैलगाडीला जे लाकूड पिढ्यान् पिढ्या चाललं, ते मशीनच्या दांड्याला का चालणार नाही? जुना दांडा कागदावर ठेवून त्याची आउटलाइन काढा, दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर नीट मोजा. हे अंतर चुकलं की पॅडल जमिनीला टेकतं. बाकीचं काम गावातले सुतारकाका तुमच्यापेक्षा सुंदर करतील.

स्प्रिंग. टेन्शनच्या चकत्यांजवळ एक बारीक स्प्रिंग असते, ती दोरा अलगद ताणून धरते. १५ क्लासची मिळते. दुसऱ्या मशीनची मिळाली नाही, तर स्प्रिंगच्या तारेतून वळता येते. तारेची जाडी जुन्या स्प्रिंगएवढीच हवी, इथं स्क्रू गेज वापरायचं. तार ज्या दांडीवर गुंडाळायची, ती हव्या असलेल्या मापापेक्षा थोडी बारीक घ्या. कारण सोडल्याबरोबर तार उसळून मोठी होते. पहिल्या दोन-तीन स्प्रिंग कचऱ्यात जाणार, हे धरूनच चाला.

सरकपट्टी. शटलवर झाकण म्हणून सरकणारी ती चकचकीत पट्टी. दुकानात तिला स्लाइड प्लेट म्हणतात. घर बदलताना हरवणारा एक नंबरचा पार्ट! हिच्यावाचून मशीन चालतं, पण कापड भोकात अडकतं आणि सगळा कचरा आत जातो. ही मी स्वतः बनवली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक पट्टी, दोन रविवार

आमच्या घरचं मशीन आधी आजीचं होतं, आता आईचं. घर बदललं तेव्हा पट्टी गेली. आईनं त्या जागी लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा चिकटपट्टीनं लावला आणि तीन वर्षं तशीच शिवत राहिली. रेशमी ब्लाउज आला की पुठ्ठ्याच्या कडेला धागा ओढला जायचा. एकदा गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या ब्लाउजपीसवर ओरखडा आला, तो तिला भरून द्यावा लागला. दुकानात गेलो तर उत्तर आलं, ‘ताई, या मापाची पट्टी येत नाही आता. मशीनच बदलून टाका.’ आई घरी येऊन एवढंच म्हणाली, ‘मशीन बदलायचं म्हणजे अख्खा सीझन त्यातच जाईल की गं.’

माझी एक मैत्रीण लातूरला मेकॅनिकल डिप्लोमा करते. ती सुट्टीत आली आणि म्हणाली, ‘अगं, हा तर चौकोनी पत्रा आहे. यात काय अवघड?’

अवघड होतंच, पण जमण्यासारखं होतं. आधी पुठ्ठ्याचा साचा केला. पट्टी ज्या खोबणीत सरकते, तिची रुंदी आम्ही तीन ठिकाणी मोजली, कारण जुन्या मशीनची खोबण सगळीकडं सारखी झिजलेली नसते. सगळ्यांत कमी आलेलं माप धरलं. जाडीसाठी वेगवेगळ्या जाडीचे पत्र्याचे तुकडे खोबणीत सरकवून पाहिले. जो अलगद जातो पण खडखडत नाही, ती आपली जाडी. भांडी दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडून तेवढ्या जाडीचा पितळी पत्रा मिळाला. पितळ कापायला आणि घासायला लोखंडापेक्षा सोपं आणि गंजत नाही.

मापापेक्षा १ मिमी मोठा तुकडा कापला. मग नुसती कानस. चार वेळा घासायचं, एकदा लावून बघायचं. हे लावून बघणं महत्त्वाचं. जास्त घासलं गेलं तर पत्रा परत वाढत नाही ना! सुईच्या बाजूची कड अगदी सरळ हवी, नाहीतर नीडल प्लेटजवळ फट राहते आणि दोरा तिथं जाऊन बसतो. पट्टीला खालून दाबून धरणारी पातळ स्प्रिंग मशीनमध्ये शाबूत होती, ती तशीच ठेवली. शेवटी सगळ्या कडा गोल केल्या आणि ४००, ८००, १२०० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाण्यात भिजवून घासलं. तपासायची पद्धत आईनं सांगितली : नायलॉनचा जुना दुपट्टा कडेवरून ओढायचा. कुठं अडकला नाही की पास.

दोन रविवार गेले. पट्टी दिसायला ओरिजिनलसारखी नाही, पिवळी आहे. पण पुढच्या लग्नसराईत आईनं रेशमी ब्लाउज परत घ्यायला सुरुवात केली. तीन वर्षं ती ते नाकारत होती, हे मला तेव्हा कळलं.

थ्रीडी प्रिंटर आहे ना!

हो, आहे. विष्णुपुरीला श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, शिवाय कितीतरी खासगी कॉलेज. मित्रांच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, की प्रिंटर हाताळणारं कोणीतरी निघतंच. रिळाचा खांब, नॉब, लांबट शटलची बॉबिन, प्लॅस्टिकची झाकणं असे पार्ट प्रिंट होऊ शकतात. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, आपलं ऊन. प्रिंटरमध्ये सर्रास वापरलं जाणारं पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, खिडकीशी उन्हात ठेवलेलं काळं लोखंड किती तापतं, ते हात लावून बघा! त्यामुळं पीईटीजी किंवा नायलॉन घेतलेलं बरं.

दुसरी, थर. प्रिंट थरांनी बनते आणि थरांच्या सांध्यावर ती कमजोर असते. उभा छापलेला बारीक खांब आडवा दाब पडला की सांध्यातून मोडतो. तोच आडवा छापला तर टिकतो.

तिसरी, माप. स्क्रीनवर १० मिमीचं काढलेलं भोक प्रिंट होऊन थोडं लहान येतं. आधी एक ट्रायल तुकडा छापा, मोजा, मग फाइलमध्ये फरक करा. कॉलेजचं व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत मोजतं, ते इथं खरं उपयोगी पडतं. फिजिक्सच्या जर्नलमध्ये भरलेल्या त्या रकान्यांचा असाही उपयोग असतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.

हे घरी बनवू नका

शटल हूक, सुई, सुईदांडा आणि कापड पुढं ढकलणारे दाते. हे पार्ट नुसते आकारानं नाही, तर धातूच्या कडकपणानं काम करतात. कारखान्यात ते तापवून कडक करतात आणि मग ग्राइंडिंगनं अचूक करतात.

टाका कसा पडतो ते पाहिलं की कारण समजतं. सुई दोरा घेऊन खाली जाते. सर्वांत खाली टेकून ती साधारण २ मिलिमीटर वर येते, तेव्हा तिच्या मागं दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. नेमक्या त्या क्षणी हूकचं टोक सुईच्या अगदी जवळून, जवळजवळ चाटून जातं आणि तो फास पकडतं. फास बॉबिनला वळसा घालतो, खालचा दोरा त्यात अडकतो, वरचा हात दोरा खेचून घेतो. झाला एक टाका. शिवताना हे सेकंदाला कित्येक वेळा घडतं. हूकचं टोक केसाएवढं जरी बोथट झालं तरी टाका सुटतो. ते कानशीनं घरी जमणारं काम नाही. असे पार्ट विकत घ्या, नाहीतर भंगारातल्या मेलेल्या मशीनमधून काढा. भंगारवाल्याकडं मशीन दिसलं तर सोडू नका. ते किलोवर विकलं जातं, पण त्यातले स्क्रू सोन्याच्या मोलाचे असतात.

स्क्रू सोन्याच्या मोलाचे का? कारण त्यांचे आटे जगावेगळे आहेत. सिंगर आणि तिच्या धर्तीच्या मशीनमध्ये ९/६४ इंच जाडीला इंचात ४० आटे, ११/६४ ला ४०, ३/१६ ला २८ अशी मापं असतात. हार्डवेअरच्या दुकानातला मिलिमीटरचा बोल्ट एखादा फेरा आत जातो, मग अडतो. तिथं जोर लावला की मशीनमधले आटे कापले जातात आणि पाच रुपयांच्या स्क्रूपायी मशीनचं नुकसान होतं. सापडलेला प्रत्येक जुना स्क्रू डबीत घालून, कुठला आहे ते लिहून ठेवा.

आणि मोटर. जुन्या मशीनला मोटर बसवली असेल आणि तिची वायर तडकली असेल, तर ती इलेक्ट्रिशियनला दाखवा. तिथं प्रयोग नको.

एनएसएसच्या कॅम्पला हे का नको?

वस्तू दुरुस्त करता येणं हा ग्राहकाचा हक्क आहे, ही चर्चा आता सरकारी पातळीवरही आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. मोबाइल, गाड्या, शेतीची अवजारं, घरगुती उपकरणं यांच्या कंपन्यांनी दुरुस्तीची आणि पार्टची माहिती द्यावी, हा त्यामागचा विचार. पण ज्या मशीनचा कारखानाच उरला नाही, तिथं हक्क मागायचा कोणाकडं? तिथं आपणच कानस हातात घ्यायची.

आपल्या कॉलेजांत एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. ग्रामसफाई होते, पथनाट्य होतं, वृक्षारोपण होतं. त्यातला एक दिवस गावातल्या बंद शिलाई मशीनसाठी ठेवला तर? सायन्सची पोरं माप घेतील, मेकॅनिकलची पोरं पार्ट बनवतील, आर्ट्स-कॉमर्सची पोरं घरोघरी जाऊन यादी करतील : कोणाचं मशीन, काय तुटलंय, कधीपासून बंद. नुसतं रॉकेल, तेल, पट्टा आणि नवी सुई एवढ्यावर कितीतरी चालू होतील. उरलेल्यांच्या पार्टची मापं वहीत काढून कॉलेजच्या लायब्ररीत ठेवली, तर पुढच्या बॅचला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. शिकवायला माणूसही गावातच आहे. चौकातल्या टपरीवर बसून मशीन दुरुस्त करणारे चाचा किंवा काका, ज्यांच्या हाताला हे सगळं न मोजता कळतं, त्यांना मानानं कॅम्पला बोलवा. त्यांच्याकडं शिकायला येणारं सहसा कोणी नसतं. तुम्ही गेलात तर ते आनंदानं सांगतील.

हात घालण्याआधी

• पट्टा उतरवा, सुई काढा, मगच मशीनला हात लावा.

• प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. जोडताना तोच कामाला येतो.

• तुटलेला ओरिजिनल पार्ट फेकू नका. पुढचा पार्ट बनवायला तोच नमुना आहे.

• पत्र्याला भोक पाडताना तो हातात धरू नका, शिकंजात पकडा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

• आधी चिंधीवर शिवून बघा. गिऱ्हाइकाचं कापड नंतर.

• मशीन ज्यांचं आहे त्यांना विचारून उघडा. आई शिवत असताना ‘जरा बघू’ म्हणून स्क्रू काढायला गेलात, तर पुढं जे होईल त्याला आम्ही जबाबदार नाही!